बॅकचं बटण माझ्या अंगठ्याखाली हवं

हे लिहितोय ऑगस्ट २०२५ मध्ये. येत्या २० तारखेला गूगल आपला नवा फोन, पिक्सेल १०, दाखवणार आहे. कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्यानंतर बरोबर आठवड्याने, २७ तारखेला. घरात रंगकाम, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची जमवाजमव, संध्याकाळी आरत्यांच्या तालमी हे सगळं ऐन भरात असणार. तरी त्या रात्रीचा एक तास माझा, हे घरी आत्ताच सांगून ठेवलंय.

फोन दिसतो कसा हे गूगलने स्वतःच जुलैत दाखवून टाकलं. मागचा कॅमेऱ्याचा आडवा पट्टा गेल्या वर्षीसारखाच आहे. कॅमेरा, चिप, रंग यांवर बाकीचे भरपूर लिहितील. माझं लक्ष आहे स्क्रीनच्या तळाच्या बारीक पट्टीवर. बॅक म्हणजे मागे यायचं बटण, होम म्हणजे मुख्य पडद्यावर जायचं, रिसेंट म्हणजे नुकती उघडलेली ॲप दाखवायचं. या तिघांचा क्रम मला बदलता येणार की नाही, यावर माझा पुढचा फोन ठरणार आहे.

एवढ्याशा गोष्टीचं काय, असं वाटेल. म्हणून आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. गोव्यात डिचोलीला माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे, आता फोन घेऊन येतात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार कार्ड, वीजबिल, सरकारच्या गृह आधार योजनेच्या अर्जाला लागणारे दाखले, मुलाचं हॉलतिकीट, सगळं फोनमध्ये. तरुण पोरं माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळी होतात. वयस्कर माणसं मात्र फोन सरळ माझ्या हातात देतात. "हें मात्शें काडून दी रे बाबा." मग नातवाने कधीतरी पाठवलेली पीडीएफ शोधायची, भलताच फोटो उघडला की मागे यायचं, पुन्हा वर सरकायचं, पुन्हा मागे. बुधवारी बाजाराच्या दिवशी तर एकामागून एक परक्या माणसांचे फोन माझ्या हातातून जातात. त्यामुळे फोन कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याचा हे कळायच्या आधी मला एक गोष्ट कळते. यात मागे कसं यायचं.

माझा डावा हात त्या वेळी मोकळा नसतो. तो मशीनच्या झाकणावर असतो, नाहीतर प्रिंटरमधून येणारे कागद धरत असतो. फोन उजव्या हातात, अंगठा उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ. बॅक त्याच कोपऱ्यात असेल तर नजरही न वळवता काम होतं. ते डाव्या कोपऱ्यात असलं की अंगठा अख्खी रुंदी ओलांडून पलीकडे न्यायचा. फोन तळहातात तिरका होतो, पकड सैल होते. सहा-साडेसहा इंचाची काच, तीही दुसऱ्याची, आणि खाली फरशी. जोखीम नको म्हणून मी झाकण सोडून दुसरा हात लावतो. रांग तेवढी थांबते.

या डाव्या-उजव्याची गोष्ट अँड्रॉइडइतकीच जुनी आहे. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, एचटीसीने बनवलेला, टी-मोबाइल जी१ नावाने. त्याच्या खालच्या भागात खरीखुरी, दाबली जाणारी बटणं होती: होम, बॅक, मेनू, शिवाय फोन उचलायचं आणि ठेवायचं, आणि मध्ये बोटाने फिरवायचा एक छोटा ट्रॅकबॉल. जानेवारी २०१० मध्ये गूगलचा नेक्सस वन आला तेव्हा बटणं काचेखाली गेली, स्पर्शाची झाली. डावीकडून बॅक, मेनू, होम, सर्च. त्याच वर्षाच्या शेवटी नेक्सस एस आला आणि क्रम झाला बॅक, मेनू, सर्च, होम. एका वर्षात, एकाच नावाच्या दोन फोनमध्ये होम आणि सर्च यांनी जागा बदलल्या. हाताला सवय लागायला वेळ तरी कुठे मिळाला?

सॅमसंगने २०१० च्या पहिल्या गॅलेक्सी एसपासून वेगळी वाट धरली. मध्ये दाबायचं होम, डावीकडे मेनू, उजवीकडे बॅक. आपल्याकडे सॅमसंग भरपूर खपले. त्यामुळे कितीतरी लोकांच्या अंगठ्याने मागे यायला पहिल्यांदा शिकलं ते उजव्या कोपऱ्यात. माझी आईही त्यातलीच. २०११ मध्ये तर गंमत झाली. त्या वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस २ काढला, त्यात बॅक उजवीकडे. आणि गूगलसाठी गॅलेक्सी नेक्सस बनवला, त्यात बॅक डावीकडे. कारखाना एक, वर्ष एक, आणि दोन उलटे क्रम.

गॅलेक्सी नेक्ससला मी महत्त्वाचा फोन मानतो. अँड्रॉइड ४.० घेऊन आलेला हा पहिला फोन, आणि बटणं शरीरावरून उचलून स्क्रीनमध्ये आणणाराही फोनमध्ये हाच पहिला. टॅबलेटवर तो बदल थोडे महिने आधी अँड्रॉइड ३.० ने केला होता. बटणं स्क्रीनमध्ये आली याचा अर्थ ती आता चित्रं झाली. फोन आडवा केला की तीही वळणार, व्हिडिओ बघताना लपणार, आणि मनात आणलं तर त्यांची अदलाबदलही करता येणार. प्लास्टिकवर छापलेलं बॅक हलवता येत नाही, चित्राचं बॅक हलवायला एक सेटिंग पुरतं. ते सेटिंग सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ ची बटणं स्क्रीनमध्ये आणली तेव्हा दिलं. शाओमीच्या फोनमध्ये ते आहे. वनप्लसने तर बटणं काचेखाली होती तेव्हाच त्याची सोय करून ठेवली होती. २०१५ च्या वनप्लस २ मध्ये होमच्या दोन्ही बाजूंना कुठलंही चित्र न काढता नुसत्या दोन बारीक रेघा ठेवल्या, म्हणजे कुठली रेघ बॅक हे वापरणाऱ्याने ठरवावं. हा विचार करणाऱ्या डिझायनरबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याने डावखुऱ्यांचाही विचार केला आणि माझ्यासारख्या एकहाती काम करणाऱ्यांचाही.

उलट टोकाचं उदाहरण २०१३ च्या एचटीसी वनचं. दिसायला फारच देखणा फोन, ॲल्युमिनियमचा. खाली दोनच बटणं, बॅक आणि होम, आणि दोघांच्या मधोमध कंपनीचं नाव. ते नाव बटण नव्हतं. बाकी सगळ्या फोनवर जिथे होम असतं, बरोबर त्या जागी दाबून काहीच होत नाही. रिसेंट हवं तर होम दोनदा दाबायचं. सुंदर वस्तू बनवताना सर्वांत मोक्याची जागा नावाला देऊन टाकली, याची मला आजही हळहळ वाटते.

आयफोनची कथा निराळी. २००७ पासून एकच गोल होम, आणि सगळीकडे चालणारं बॅक कधीच नाही. मागे जायचं तर ॲपच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला बाण. साडेतीन इंचाच्या पहिल्या आयफोनवर तो बाण अंगठ्याच्या टप्प्यात होता. पुढे फोन वाढले, बाण वरच राहिला. २०१३ च्या आयओएस ७ ने डाव्या कडेवरून बोट ओढून मागे यायची सोय केली. २०१४ मध्ये आयफोन ६ मोठा झाल्यावर होमला दोनदा हलकं बोट लावलं की अख्खी स्क्रीनच खाली यायची. म्हणजे अंगठा पोचत नाही तर पडदाच खाली ओढला. २०१६ च्या आयफोन ७ चं होम मला यंत्र म्हणून फार आवडलं. ते हलतच नाही. दाबलं की आत एक छोटी मोटर थरथरते आणि बोटाला वाटतं बटण दाबलं गेलं. फोन बंद असताना दाबून बघा, नुसती थंड काच. पुढच्याच वर्षी आयफोन १० आला आणि महागड्या आयफोनवरून ते गेलं. स्वस्तातल्या एसईवर टिकून होतं, या फेब्रुवारीत १६ई आल्यावर तेही संपलं. अठरा वर्षं चाललं एक बटण.

बोट ओढून फोन चालवायची कल्पना आयफोन १० ची, असं अनेकजण समजतात. तसं नाही. पाम प्री या फोनमध्ये २००९ लाच स्क्रीनखाली त्यासाठी वेगळी जागा होती. २०११ च्या नोकिया एन९ ला तर समोर एकही बटण नव्हतं, कडेवरून बोट आत ओढलं की चालू ॲप बाजूला. अँड्रॉइडमध्ये गूगलने २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून सुरुवात केली. होमच्या जागी एक लांबट गोळी, शेजारी लागेल तेव्हाच दिसणारं बॅक, आणि रिसेंट गायब. त्या वर्षीच्या पिक्सेल ३ मध्ये तीन बटणांचा पर्यायच ठेवला नव्हता. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. दुसऱ्या वर्षी अँड्रॉइड १० आलं, पूर्ण जेश्चर, म्हणजे बटणांऐवजी बोट ओढून करायचे इशारे, आले, आणि तीन बटणंही परत मिळाली. गूगल एकदा पर्याय काढून घेऊ शकतं आणि लोकांना हवा असेल तर परतही देऊ शकतं, या दोन्ही गोष्टी त्यातून मला कळल्या.

अँड्रॉइड १० पासून मागे यायचं म्हणजे डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढायचं. माझा भाचा पणजीला कॉलेजात आहे, तो या पद्धतीचा कट्टर. त्याचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेतलंय, आणि त्यात तथ्य आहे. दोन्ही कडा चालतात, म्हणजे फोन कुठल्याही हातात असो, बॅक त्याच हाताच्या अंगठ्याजवळ. खालची पट्टी वाचते, तेवढं जास्त वाचायला दिसतं. अंगठा कोपऱ्यात मुडपावा लागत नाही. डाव्या-उजव्याचा वाद यात मुळातच मिटतो. बसच्या गर्दीत एक हात दांड्याला धरून तो ज्या वेगाने फोन चालवतो ते बघितल्यावर मी त्याला विरोध करत नाही.

पण कड ही रिकामी जागा नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे. ॲपचा मेनू डाव्या कडेवरून ओढला जातो. फोटो कापताना कोपरे कडेला येतात. आणि चवथीला आरत्यांची पीडीएफ. आमच्या वाड्यावरची मंडळी घरोघर आरत्यांना जातात. घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं जोरात, लांबच्या आरत्यांची कडवी सगळ्यांना पाठ नसतात, म्हणून कोणीतरी फोन धरतो आणि बाकीचे त्यात बघून म्हणतात. बहुतेक वेळा तो फोन माझा असतो. पीडीएफचं पान उलटायला बोट आडवं ओढलं आणि ते जरा कडेपासून सुरू झालं, की पान उलटायच्या ऐवजी फाइलच बंद होते. कडवं अर्ध्यावर, घुमट चालूच, आणि दहा-बारा माणसं माझ्याकडे बघतायत. ही गोष्ट जेश्चरवाल्या कुठल्याही फोनवर होऊ शकते.

ही टक्कर होणार हे अँड्रॉइड बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. ॲपला कडेचा काही भाग आपल्यासाठी राखून मागता येतो, तिथे बॅक चालत नाही. पण प्रत्येक कडेला त्याची मर्यादा २०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक), म्हणजे उभ्या स्क्रीनचा साधारण पाव भाग. ती मर्यादाही बरोबरच आहे, नाहीतर एखादं ॲप दोन्ही कडा अडवेल आणि माणूस आतच अडकेल. कडेची संवेदनशीलता डावी-उजवी वेगवेगळी कमी-जास्त करता येते. हे सगळे चांगले, विचारपूर्वक केलेले उपाय आहेत. तरी ते एकाच जागेच्या दोन मालकांमधले तडजोडीचे उपाय आहेत. तळाच्या बटणाला जागेसाठी कोणाशी भांडावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर माझ्या काउंटरवर येणारा फोन प्लास्टिकच्या पिशवीतून निघतो, आणि तरी ओला असतो. काचेवर पाण्याचे थेंब असले की फोनला बोट आणि थेंब यातला फरक नीट कळत नाही. बोट मध्येच उचललं गेलं असं त्याला वाटतं आणि अर्धवट ओढलेला इशारा वाया जातो. बटणाला मात्र एकाच ठिकाणी एक स्पर्श लागतो. तळाची पट्टी बोटाने पुसली, दाबलं, झालं. गोव्यातल्या पावसात रोज शंभर लोकांचं काम करणाऱ्या माणसाला हा फरक छोटा वाटत नाही.

आणि तिसरी, आई. तिचा जुना गॅलेक्सी, मध्ये दाबायचं होम असलेला, बॅटरी फुगेपर्यंत तिने वापरला. नवा फोन दिला तेव्हा मी तिला जेश्चर दाखवले. तिने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "पण ते असतं कुठे?" कडेवरून ओढायचं हे तिला कळलं, जमलंही. तिला नको होतं ते न दिसणारी गोष्ट लक्षात ठेवणं. मी तीन बटणं लावली, बॅक उजवीकडे केलं, आणि ती त्याच संध्याकाळी बहिणीला फोटो पाठवायला लागली. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून गूगलने बॅकला त्रिकोण, होमला गोल आणि रिसेंटला चौकोन केलाय. त्या आकृत्यांवरून काही अर्थबोध होत नाही असं मला वाटतं, घराचं चित्र आणि वळलेला बाण जास्त बोलके होते. पण निदान काहीतरी दिसतं, आणि रोज त्याच जागी दिसतं.

मधल्या काळात सॅमसंगने एक तोडगा काढला होता, त्याचा मी चाहता आहे. २०१८ च्या अखेरीस वन यूआय, म्हणजे सॅमसंगने अँड्रॉइडवर चढवलेलं रूप, आलं तेव्हा त्यातले जेश्चर कडेवरून नव्हते. जिथे बटण असायचं तिथूनच वर ओढायचं. बॅकच्या जागेवरून वर ओढलं की मागे, मधून वर ओढलं की होम. जुनी जागा तशीच, हाताची सवय तशीच, आणि स्क्रीनही पूर्ण मोकळी. पुढे ते मुख्य सेटिंग्जमधून गेलं. आता गुड लॉक ॲपमधून वेगळं मिळवावं लागतं, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणालाच ते कळणार नाही.

मग एवढं सगळं असताना पिक्सेल कशाला, हा प्रश्न भाच्याने विचारलाच. कारण सात वर्षं. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगल सात वर्षांचे अपडेट द्यायचं वचन देतं. सॅमसंगनेही गेल्या वर्षी एस२४ पासून तेच केलं, पण मला अँड्रॉइड त्याच्या मूळ रूपात आवडतं, वर दुसऱ्याचं काही चढवलेलं नको. शिवाय पिक्सेल ९ ची ६.३ इंचाची स्क्रीन मला झेपते. त्याची किंमत गेल्या वर्षी ७९,९९९ होती. एवढे पैसे घालून सात वर्षांसाठी वस्तू घ्यायची तर रोज शेकडो वेळा लागणारी कृती माझ्या हाताला बसणारी हवी. पिक्सेल ९ पर्यंत तीन बटणं मिळत होती, पण बॅक डावीकडेच. क्रम बदलायचं सेटिंग नव्हतं. दोन चित्रांची अदलाबदल, जी शाओमीच्या दहा हजारांच्या फोनमध्ये आहे, ती इथे नव्हती. का, ते मला खरोखर समजत नाही.

आशेला जागा आहे ती अँड्रॉइड १६ मुळे. ते जूनमध्ये आलं. मागे गेल्यावर आपण कुठे पोचणार याची झलक आधी दाखवायची सोय आतापर्यंत फक्त जेश्चरवाल्यांना होती. अँड्रॉइड १६ ने ती तीन बटणांनाही दिली, बॅक दाबून धरलं की मागचा पडदा डोकावतो. माझ्यासाठी ही मोठी बातमी आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये काम करताना आता मागे गेलो तर चॅट बंद होईल की फक्त फोटो, हे आधी दिसणं किती उपयोगाचं! आणि यावरून एवढं तर नक्की की तीन बटणांवर गूगलमध्ये अजून कोणीतरी मन लावून काम करतंय. जो माणूस बॅक दाबून धरल्यावर काय व्हावं याचा विचार करतो, तो बॅक कुठे असावं याचाही करत असेल.

म्हणून २० तारखेला मी बघेन, पण मंचावर या सेटिंगबद्दल कोणी बोलेल अशी अपेक्षा नाही. असल्या गोष्टी मंचावर सांगत नाहीत, त्या सेटिंग्जमध्ये जाऊन शोधाव्या लागतात. चवथ झाली, गर्दी ओसरली, की पणजीला जाईन आणि मांडून ठेवलेला फोन उजव्या हातात घेईन. सेटिंग्ज, सिस्टीम, नेव्हिगेशन मोड. तीन बटणं आहेत का, आणि त्यांच्याखाली क्रम बदलायची ओळ आहे का. असेल तर त्याच दिवशी घेणार. नसेल तर दिवाळीपर्यंत थांबेन, गूगलच्या फीडबॅकमध्ये हेच सगळं पुन्हा लिहीन, आणि तोवर सॅमसंगचा एस२५ एकदा नीट हाताळून बघेन. त्याची स्क्रीन ६.२ इंचाची आहे आणि बॅक मला हवं त्या बाजूला.